आशेविरुद्धची दोन पापे

नवकविता ख्रिस्ती कुटुंबांच्या हाती देऊ नये, असे म्हणणारा एक वर्ग आपल्या समाजात आजही आहे. त्याचा युक्तिवाद सरळ आहे. ही कविता निराशेची आहे. निराशा हे पाप आहे. म्हणून ही कविता श्रद्धावंताच्या घरात नको. मर्ढेकरांचे नाव निघाले की मेलेल्या उंदरांची आठवण काढली जाते, ढसाळांचे नाव निघाले की नाक मुरडले जाते, आणि धर्मग्रामातल्या एखाद्या तरुणाने आपले दुःख मुक्तछंदात लिहून कोणा जाणत्याला दाखवले, की ‘शेवटी थोडी आशा घाला’ अशी सूचना मिळते. जणू आशा म्हणजे कालवण उतरवताना वरून भुरभुरायची कोथिंबीर!

या युक्तिवादाला आमचा विरोध आहे. तो केवळ साहित्यप्रेमापोटी आहे असे कोणी समजू नये. आमचा विरोध श्रद्धेच्या भूमीवरूनच आहे, कारण हा युक्तिवाद काव्याला जितका अन्याय करतो त्याहून अधिक अन्याय आशा या ईश्वरी सद्गुणाला करतो.

श्रद्धा, आशा आणि प्रीती हे तीन ईश्वरी सद्गुण आपण लहानपणीच धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केले. त्यांपैकी आशेविरुद्ध पाप किती प्रकारे घडते, असे विचारले तर बहुतेक जण एकच उत्तर देतील : निराशा. १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ मात्र पहिल्या आज्ञेच्या विवरणात दोन पापे सांगतो. पहिले निराशा आणि दुसरे फाजील भरवसा. देवाच्या साहाय्यावाचून आपण आपल्याच बळावर तरून जाऊ असे मानणे, अथवा पश्चात्ताप व परिवर्तन यांवाचून देवाची क्षमा आपल्या हक्काचीच आहे असे मानणे, ही या दुसऱ्या पापाची दोन रूपे होत.

हा भेद नवा नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आशेच्या विषयाची चार लक्षणे सांगितली. ज्याची आशा धरायची ते चांगले असावे, भविष्यातील असावे, कष्टाने साध्य होणारे असावे आणि तरीही साध्य होण्याजोगे असावे. यांतून ‘साध्य होण्याजोगे’ हे लक्षण काढून टाकले की निराशा उरते. ‘कष्टाने’ हे लक्षण काढून टाकले की फाजील भरवसा उरतो. दोहोंतही आशा मरते. फरक इतकाच, की पहिल्या प्रकारात ती रडत मरते आणि दुसऱ्या प्रकारात टाळ्यांच्या गजरात.

आता आमचा आरोप स्पष्टपणे मांडतो. नवकवितेवर पहिल्या पापाचा ठपका ठेवणारे आपण स्वतः गेली कित्येक दशके आपल्या विशेषांकांतून, नाताळ-ईस्टरच्या काव्यवाचनांतून आणि स्मरणिकांतून दुसरे पाप छापत आलो आहोत. पहिल्या कडव्यात अंधार, दुसऱ्यात वादळ, तिसऱ्यात प्रभूचे नाव आणि चौथ्यात पहाट, हा आमच्या भक्तिकवितेचा ठरलेला साचा. यातला अंधार कोणता, कोणाच्या घरातला, तो किती वर्षे टिकला, याची चौकशी नाही. वादळात काय मोडले, त्याचा हिशेब नाही. चौथ्या कडव्याची पहाट कवीने लेखणी उचलण्यापूर्वीच ठरलेली असते. ज्या पहाटेसाठी रात्र जागावी लागली नाही, तिला आशा म्हणावे काय?

मुळशी तालुक्यातील ज्या मुठा गावात बसून आम्ही हे लिहीत आहोत, तेथे हा भेद समजावून सांगण्यास नदी पुरेशी आहे. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या चार धरणांच्या पाण्यावर पुणे शहराची तहान भागते. त्यांपैकी टेमघर याच मुठा खोऱ्यातले. २०१६ साली त्याच्या भिंतीतून होणारी मोठी गळती उघडकीस आली आणि दुरुस्ती हाती घ्यावी लागली. त्या वेळी ‘भिंतीतून पाणी येते आहे’ असे सांगणाऱ्याला कोणी निराशावादी म्हटले असते काय? ‘असे अशुभ बोलू नका, धरणाच्या सौंदर्यावर बोला’ असा उपदेश त्याला केला असता काय?

याच नदीच्या इतिहासातला १९६१ सालचा प्रसंग याहून बोलका आहे. पानशेतच्या बांधाला धोका निर्माण झाल्यावर लष्कराच्या जवानांनी रात्रभर पोती रचून तो सावरण्याचा प्रयत्न केला. १२ जुलैच्या सकाळी धरण फुटलेच. त्या लोंढ्याने खाली खडकवासल्याचे धरणही फुटले आणि पुण्याचा नदीकाठ पाण्याखाली गेला. जवानांना धरण वाचवता आले नाही. पण जी फूट काळोखात पडली असती ती दिवसाउजेडी पडली, आणि असंख्य माणसांना जीव घेऊन पळण्यास अवधी मिळाला. त्या रात्री बांधावर ‘काही होत नाही’ म्हणून झोपी जाणारा फाजील भरवशाचा, ‘सगळे संपले’ म्हणून हातपाय गाळणारा निराशेचा, आणि पोते उचलणारा आशेचा. परंतु पोते उचलणाऱ्याने आधी भेग पाहिलेली असावी लागते. भेग दाखवणे हे नवकवितेचे काम आहे. ते तिच्याकडून काढून घेतले, तर पोती कोठे रचायची हे आपल्याला कोण सांगणार?

मर्ढेकरांचेच उदाहरण घेऊ, कारण आक्षेपाचा सर्वांत मोठा भार त्यांच्याच माथी आहे. बाळ सीताराम मर्ढेकर यांचा जन्म १९०९ साली खानदेशातील फैजपूरचा. १९३९ साली आलेला त्यांचा ‘शिशिरागम’ हा संग्रह आधीच्या भावकवितेच्या वळणाचा होता. १९४७ साली ‘काही कविता’ आला आणि मराठी कविता पूर्वीची राहिली नाही. या आठ वर्षांत काय घडले होते? दुसरे महायुद्ध झाले होते, १९४३ साली बंगालमध्ये माणसे अन्नावाचून रस्त्यावर मेली होती, १९४५ साली हिरोशिमा व नागासाकी या शहरांवर अणुबाँब पडले होते. माणसे संख्येने मोजली जाऊ लागली होती. अशा काळात पिपात मेलेले उंदीर आणि यंत्रासारखी जगणारी-मरणारी शहरी माणसे ही मर्ढेकरांच्या कवितेत एका पातळीवर येतात, तेव्हा किळस कवीने निर्माण केलेली नसते. त्याने ती लपवली नाही, एवढाच त्याचा अपराध. या संग्रहावर अश्लीलतेचा खटलाही झाला आणि त्यातून मर्ढेकर निर्दोष सुटले. १९५१ साली ‘आणखी काही कविता’ प्रसिद्ध झाल्या, आणि १९५६ साली, वयाच्या अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी, ते निवर्तले.

मर्ढेकरांना निराशेचे कवी म्हणणाऱ्यांनी त्यांच्या कवितेतल्या दोन गोष्टी नजरेआड केल्या आहेत. पहिली गोष्ट छंदाची. मोडलेल्या जगाविषयी लिहिताना त्यांनी पुष्कळदा अभंग आणि ओवी यांचा आश्रय घेतला. ज्ञानेश्वर-तुकारामांचे हे घाट, आणि आपल्याला विशेष जवळचे वाटावे असे. कारण १६१६ साली छापल्या गेलेल्या आपल्या ‘ख्रिस्तपुराणा’त फादर थॉमस स्टीफन्स यांनीही ओवीच स्वीकारली होती. सर्व अर्थ संपला असे ज्याला खरोखर वाटते, तो अक्षरे मोजत बसत नाही. आशय विस्कटलेला असताना कवी घाट सांभाळतो, तेव्हा काहीतरी अजून जोडता येते असा त्याचा विश्वास त्या घाटातून बोलत असतो.

दुसरी गोष्ट प्रार्थनेची. याच कवीने देवाला हाक मारली आहे, संतांना साद घातली आहे. स्वतःच्या अंतःकरणाचा कठीणपणा मोडावा आणि मनातली कटुता धुऊन जावी, अशी त्याची विनवणी सुप्रसिद्ध आहे. ती वाचताना पवित्र शास्त्र जाणणाऱ्या वाचकाला यहेज्केल संदेष्ट्याच्या छत्तिसाव्या अध्यायाची आठवण होऊ नये काय? तेथे देव आपल्या लोकांचे दगडाचे हृदय काढून मांसाचे हृदय देण्याचे अभिवचन देतो. आम्ही मर्ढेकरांना बाप्तिस्मा देऊ इच्छीत नाही. ते ख्रिस्ती नव्हते आणि त्यांच्या देवाला आपला शिक्का मारणे हा उद्धटपणा ठरेल. पण जो कवी आपल्या कठीण हृदयाची तक्रार देवापाशी नेतो, त्याला निराशेचा प्रचारक म्हणणे हा उघड खोटेपणा आहे.

यावरून नवकवितेतली आशा-निराशा ओळखण्याचे काही निकष हाती येतात. कविता कोणाशी बोलते, हे आधी पाहावे. संबोधन शिल्लक असेल तर नातेही शिल्लक आहे. मग ते भांडणाचे का असेना. तिचा तिटकारा जीवनाविषयी आहे की जीवनाची जी दशा केली गेली तिच्याविषयी, हे पाहावे. पहिला निराशेकडे नेतो, दुसरा न्यायाच्या भुकेतून येतो. कवितेतला ‘मी’ म्हणजे कवी स्वतः की त्याने बोलते केलेले पात्र, हेही पाहावे. शेवटी, शब्दांवर घेतलेली मेहनत पाहावी, कारण ती ऐकणारा कोणीतरी आहे या भरवशावरच घेतली जाते. हे निकष लावल्यावरही काही कविता पूर्णपणे बंद, काळोख्या उरतील, हे आम्ही मान्य करतो. त्यांचे काय करावे, याचे उत्तर पवित्र शास्त्राने देऊन ठेवले आहे.

स्तोत्रसंहितेतील दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. बहुतेक विलापस्तोत्रे अखेरीस कृतज्ञतेकडे वळतात. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वळत नाही. ते अंधारात सुरू होते आणि अंधाराच्याच उल्लेखावर थांबते. त्याला चौथे कडवे नाही. तरी ख्रिस्तसभेने ते गाळले नाही, की त्याला आशेचे शेपूट जोडले नाही. धर्मगुरू आणि धर्मभगिनी जी नित्यप्रार्थना म्हणतात, तिच्यात शुक्रवारी रात्री झोपण्यापूर्वी हेच स्तोत्र येते. क्रूसावर प्रभू येशूच्या मुखातून निघालेला त्यागल्याचा आक्रोशही बाविसाव्या स्तोत्राचा आरंभच होता. ज्या स्तोत्रसंहितेतून आपल्या प्रभूने आपल्या वेदनेसाठी शब्द घेतले, तिची भाषा आपल्या काव्यवाचनात मात्र अशोभनीय ठरते!

ईयोबाच्या ग्रंथाची अखेर तर आपल्या समीक्षकांनी वारंवार वाचावी. एलीफज, बिल्दद आणि सोफर हे तिघे मित्र धर्माला धरून बोलत होते. देव न्यायी आहे, दुःखाला कारण असते, पश्चात्ताप कर म्हणजे पुन्हा बरे दिवस येतील. यांतले एकही वाक्य आपल्या स्मरणिकेत सहज छापले गेले असते. ईयोब मात्र आपल्या जन्मदिवसाला शाप देत होता, देवाला जाब विचारत होता. शेवटी देवाचा कोप झाला तो त्या तिघांवर. आपल्याविषयी योग्य ते बोलला तो ईयोब, असा निर्वाळा देवानेच दिला. त्या मित्रांनी एकच गोष्ट चांगली केली होती. आरंभीचे सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते. बंद, काळोख्या कवितेपाशी वाचकाने नेमके हेच करावे.

हा वारसा केवळ प्राचीन आहे असेही नाही. येशूसंघीय धर्मगुरू जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स यांनी १८८५ च्या सुमारास डब्लिनमध्ये अध्यापन करीत असताना काही सुनीते लिहिली. मनाच्या इतक्या खोल काळोखातून आलेली कविता इंग्रजीत क्वचितच असेल. त्यांतले एक सुनीत तर निराशेला दिलेल्या नकारानेच सुरू होते. पण तो नकार देण्यापूर्वी निराशेची चव काय असते हे कवीला माहीत झालेले असते. १८८९ साली हॉपकिन्स वारले आणि त्यांच्या कविता त्यांचे मित्र रॉबर्ट ब्रिजेस यांनी १९१८ साली प्रकाशित केल्या. नवकवींनी त्यांना आपले पूर्वसूरी मानले. ज्या नवकवितेपासून आपण मुलांना दूर ठेवू पाहतो, तिच्या पूर्वजांत एक कॅथलिक धर्मगुरू आहे, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

हा वाद केवळ पुस्तकी असता तर आम्ही इतका शब्दव्यय केला नसता. एका काव्यवाचनाला आम्ही उपस्थित होतो. एका मुलीने आपल्या वडिलांवरची कविता वाचली. २०२१ साली महामारीत त्यांचे निधन झाले होते. दफनाच्या वेळी घरच्यांना दुरूनच उभे राहावे लागले होते. कवितेत तिने देवाला विचारले होते की माती लोटणारे हात अनोळखी का होते. कवितेचा शेवट त्या प्रश्नावरच होता. ती खाली बसताच सूत्रसंचालक म्हणाले, ‘‘आता जरा आनंदाचे काही ऐकू या.’’ टाळ्या पडल्या. कार्यक्रम पुढे सरकला. त्या क्षणी त्या मुलीला आपल्या समाजाने एक धडा दिला : तुझे दुःख येथे बसणार नाही, ते घरी ठेवून ये. असे धडे घेतलेली माणसे पुढे कविता लिहीत नाहीत. काही तर बोलणेच सोडतात. निराशेचे पाप खरोखर कोठे जन्मते, दुःख उच्चारण्यात की उच्चारलेले दुःख ऐकणारा न मिळण्यात, याचा विचार आपण केव्हा करणार?

येथे दुसऱ्या बाजूच्या मंडळींनी हुरळून जाण्याचे कारण नाही. निराशा हेच आधुनिक माणसाचे एकमेव प्रामाणिक सत्य, आणि आशेचा उच्चार म्हणजे भाबडेपणा, असे मानणारे समीक्षकही आहेत. तेही तितकेच चुकतात. टी. एस. एलियट यांचे ‘द वेस्ट लँड’ हे दीर्घकाव्य १९२२ सालचे. एका पिढीच्या भ्रमनिरासाचे काव्य म्हणून त्याचा गौरव झाला. १९३१ साली स्वतः एलियट यांनी हे वर्णन धुडकावून लावले. ते काव्य कोरड्या भूमीचे आहे खरे, पण त्या भूमीला पावसाची तहान आहे, आणि त्याचा शेवट बृहदारण्यक उपनिषदातल्या मेघगर्जनेपाशी होतो. तहान हा पाण्याचा नकार नव्हे. १९२७ साली एलियट यांनी अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि १९३० साली आलेल्या आपल्या काव्याला राखेच्या बुधवाराचे नाव दिले. त्यांच्या काही समकालीनांना ही पीछेहाट वाटली. पण राखेचा बुधवार म्हणजे सुखान्त नव्हे. कपाळी राख लावून सुरू होणारा तो चाळीस दिवसांचा प्रवास आहे. ‘कष्टाने साध्य होणारे’ हे अक्वायनसचे लक्षण त्या एका शीर्षकात आले आहे.

आपल्याकडचे नामदेव ढसाळ पाहा. १९७२ साली ‘गोलपिठा’ आला. कामाठीपुऱ्याच्या परिसरातले जीवन त्याने सभ्य मराठीच्या तोंडावर फेकले. त्याच वर्षी ढसाळ दलित पँथरच्या संस्थापकांत होते. ज्याला काहीच बदलणार नाही असे वाटते, तो संघटना उभारीत नाही. ‘गोलपिठा’तल्या संतापाला निराशा समजणाऱ्या भाविकाने आणि त्याच संतापात केवळ विध्वंस पाहून आनंदित होणाऱ्या समीक्षकाने एकच चूक केली आहे. संतापणारा माणूस अजून न्यायाची अपेक्षा धरून असतो, हे दोघांनाही दिसले नाही. १६३० च्या दुष्काळात पत्नी गमावलेले तुकोबा विठ्ठलाशी भांडले, तेही याच अपेक्षेने. मराठी नवकवितेतले एक अग्रणी, दिलीप चित्रे, यांनी तुकोबांचे अभंग इंग्रजीत नेले आणि १९९१ साली ते पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले, यात योगायोग नाही. घराणे एकच आहे.

ख्रिस्तसभेचे अधिकृत मत काय, असे कोणी विचारील. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आधुनिक जगाविषयीच्या आपल्या दस्तऐवजाचा आरंभ मानवाच्या आनंदाबरोबरच त्याच्या दुःखांना व चिंतांना आपले म्हणून केला, आणि त्याच दस्तऐवजात साहित्य व कला मानवी जीवनाचे प्रश्न उलगडतात म्हणून त्यांची थोरवी मान्य केली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९९ साली कलावंतांना लिहिलेल्या पत्रात, अंतरंगातल्या काळोख्या कोपऱ्यांचा शोध घेणारी कलाही मुक्तीच्या मानवी ओढीला वाचा फोडते, असा आशय मांडला. पोप फ्रान्सिस यांनी जुलै २०२४ मध्ये साहित्यवाचनाच्या महत्त्वावर स्वतंत्र पत्र लिहिले, आणि २०२५ हे जयंतीवर्ष आशेला वाहिले. त्या जयंतीच्या घोषणापत्राचे नाव ज्या रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातून घेतले आहे, तेथे संत पौलाने आशेपर्यंतची साखळी क्लेशापासून सुरू केली आहे : क्लेशातून धीर, धीरातून कसोटीला उतरलेले शील आणि त्या शीलातून आशा. पहिली कडी तोडून शेवटची हाती येत नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. या त्रैमासिकासह आपल्या सर्व नियतकालिकांनी विलापाची कविता तिच्या विलापावरच संपू द्यावी. संपादकांनी तिला पहाट चिकटवू नये. धर्मग्रामांतून प्रायश्चित्तकाळातली एक संध्याकाळ मर्ढेकर, तुकोबा, हॉपकिन्स आणि स्तोत्रे एकत्र वाचण्यासाठी द्यावी. आपल्या मुलाने वा मुलीने काळोखाची कविता दाखवली, तर पालकांनी आधी ती पुरी वाचावी, मग तिच्या जवळ बसावे, उपदेशाची घाई करू नये.

गुड फ्रायडेला मिस्सा होत नाही. पवित्र शनिवारी दिवसभर वेदी उघडीवाघडी असते, आणि पास्काची मेणबत्ती रात्र पडल्याशिवाय पेटवली जात नाही. ख्रिस्तसभा दरवर्षी हा दिवस घाई न करता पाळते. आपल्या कवींना आपण निदान तेवढा एक दिवस द्यावा.